घोटा मुरगळून महिने झाले, दुखणं जात नाही: सोनोग्राफीत कुठे आणि काय शोधायचं

घोटा मुरगळून 6 आठवडे उलटलेत, सूज बरीच उतरलीय, एक्स-रेमध्ये काही निघालं नाही, आणि तरी जिना उतरताना बाहेरच्या बाजूला कळ येते. असा रुग्ण सोनोग्राफीसाठी येतो तेव्हा चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: लिगामेंट फाटलंय का? प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या उत्तराने रुग्णाच्या हाती फारसं काही लागत नाही. ज्याचा घोटा जोरात मुरगळलाय त्याचं बाहेरचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारी पट्टी, सोनोग्राफीत बहुधा बिघडलेलंच दिसतं. जाड, काळपट, कडा पुसट. यातले कित्येक जण पुढे बिनदिक्कत पळायला लागतात आणि लिगामेंट मात्र तसंच जाडजूड राहतं. सुरुवातीच्या काळात मी अशा प्रत्येक रिपोर्टात ‘अर्धवट फाटलेलं लिगामेंट’ लिहून मोकळा व्हायचो. रुग्ण घाबरायचा, आणि खरं दुखणं दोन बोटं मागे, टेंडनमध्ये (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत), तसंच राहायचं.

त्यापेक्षा दोन प्रश्न धरून स्कॅन करा. दुखतंय नेमकं कशात? आणि सांधा सैल पडलाय का? सोनोग्राफीत प्रोब, म्हणजे मशीनचा त्वचेवर टेकवायचा भाग, दुखऱ्या जागेवर दाबता येतो, पाऊल हलवत असताना बघता येतं आणि रुग्णाशी बोलता येतं. ही सोय एमआरआयमध्ये नाही. लेख मुख्यतः स्कॅन शिकणाऱ्या डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट मंडळींसाठी आहे. ज्यांचा स्वतःचा घोटा दुखतोय त्यांनाही आपल्या तपासणीत काय व्हायला हवं होतं याचा अंदाज यावा.

प्रोब उचलण्याआधी

रुग्णाला सांगा, ‘एका बोटाने दाखवा.’ पूर्ण तळहात घोट्यावर फिरवणारे असतात, त्यांना पुन्हा सांगा, एकच बोट. बोट बाहेरच्या घोट्याच्या हाडापुढे पडलं तर पुढचं लिगामेंट किंवा सांध्याचा पुढचा-बाहेरचा कोपरा. हाडामागे पडलं तर पेरोनियल टेंडन, म्हणजे बाहेरच्या घोट्यामागून पावलाकडे जाणारी दोन टेंडन. नडगीच्या बाजूला, घोट्याच्या रेषेच्या जरा वर समोर पडलं तर टिबिया (नडगीचं हाड) आणि फिब्युला (तिच्या बाहेरचं बारीक हाड) यांना बांधणारं लिगामेंट. पावलाच्या बाहेरच्या कडेवर पडलं तर पाचव्या मेटाटार्सलचा, म्हणजे करंगळीमागच्या लांब हाडाचा, बुंधा. त्या जागेवर पेनाने खूण करून ठेवा. जेल लागलं की आपली दिशा हमखास चुकते.

मग चार-दोन गोष्टी विचारा. पाऊल आत वळलं होतं की बाहेर? दुखतं जास्त, की पाय दगा देतो असं वाटतं? हाडामागे काही सटकल्यासारखं, टकटक वाजल्यासारखं होतं का? जळजळ किंवा मुंग्या आहेत का? प्रत्येक उत्तराने स्कॅनची दिशा बदलते. पाऊल बाहेर वळून झालेल्या दुखापतीत आतलं लिगामेंट आणि टिबिया-फिब्युलामधला वरचा जोड बघितल्याशिवाय उठायचं नाही.

काही रुग्णांना घोट्याच्या स्कॅनआधी दुसऱ्या वाटेने पाठवावं लागतं. दुखापतीनंतर एक्स-रेच झाला नसेल आणि हाडावर दाबल्यावर दुखत असेल तर आधी एक्स-रे. कॅनडातल्या ओटावात 1992 साली मांडलेले नियम मुळात ताज्या दुखापतीसाठी आहेत, पण कुठे दाबायचं हे त्यातून पक्कं कळतं: दोन्ही घोट्यांच्या हाडांच्या खालच्या 6 सेंटिमीटरची मागची कड आणि टोक, पाचव्या मेटाटार्सलचा बुंधा, आणि पावलाच्या आतल्या बाजूचं नॅव्हिक्युलर हाड. दुसरी गोष्ट पोटरीची. पट्टी किंवा प्लॅस्टरमध्ये काही आठवडे पाय ठेवल्यावर पोटरी सुजून गरम, जड वाटत असेल, तर घोटा राहू द्या आणि शिरेतल्या गुठळीसाठी त्याच दिवशी तपासणी करा. आणि त्वचेवर नुसती चादर टेकली तरी सहन होत नाही, पायाचा रंग बदलतो, घाम वेगळा येतो, असं असेल तर प्रोबने दाबत बसू नका. तो प्रादेशिक वेदना-विकार (कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम) असू शकतो, आणि त्याचं निदान स्क्रीनवर होत नाही.

मशीन आणि बैठक

सरळ तोंडाचा, म्हणजे लिनिअर प्रोब घ्या. 10 ते 18 मेगाहर्ट्‌झ पुरेसं आहे. इथली बहुतेक रचना त्वचेपासून 2-3 सेंटिमीटरच्या आत असते, त्यामुळे खोली कमी ठेवा आणि फोकस वर आणा. हॉकी स्टिकच्या आकाराचा छोटा प्रोब असेल तर हाडाच्या उंचवट्यांवर तो फार उपयोगी पडतो. नसेल तर जेल भरपूर घ्या. दाबून हवा घालवायला गेलात तर पातळ पाणी आणि बारीक रक्तवाहिन्या दोन्ही दिसेनाशा होतात.

रुग्ण पाठीवर, गुडघा वाकवलेला, तळवा टेबलावर सपाट. पाऊल किंचित खाली आणि आत वळलेलं. बाहेरच्या बाजूचं बरंचसं काम याच बैठकीत होतं. दुखरा आणि बरा, दोन्ही पाय उघडे ठेवायला सांगा. बऱ्या पायाशी तुलना केल्याशिवाय ‘जाड’ आणि ‘सैल’ हे शब्द वापरू नयेत असं माझं ठाम मत आहे.

नवशिक्याला सगळ्यात जास्त फसवते ती ध्वनिलहरींची तिरकी धडक. लिगामेंट आणि टेंडनचे धागे लहरींना काटकोनात असले तरच पांढरे, रेघारेघांचे दिसतात. प्रोब जरासा कलला की तेच धागे काळे होतात आणि फाटल्यासारखे वाटतात. घोट्यात सगळंच वळणावर आहे, म्हणून हा घोळ इथे जास्त. काळा भाग दिसला की लगेच माप घेऊ नका, प्रोब पुढे-मागे डुलवा. काळेपणा गेला तर तो कोनाचा दोष. प्रत्येक कोनातून राहिला, तर मग बघू.

पुढचं लिगामेंट (अँटेरिअर टॅलोफिब्युलर), ज्याला सगळे एटीएफएल म्हणतात

पाऊल खाली आणि आत वळून मुरगळलं की पहिला बळी बहुधा याचाच. प्रोबचं मागचं टोक फिब्युलाच्या टोकावर ठेवा आणि पुढचं टोक टॅलसकडे, म्हणजे टिबियाखाली बसणाऱ्या हाडाकडे, न्या, जवळपास तळव्याला समांतर. दोन हाडांच्या पांढऱ्या कडा आणि त्यांच्यामधे ताणलेली पांढरी पट्टी दिसली पाहिजे. निरोगी पट्टी साधारण 2 ते 3 मिलिमीटर जाड असते. नीट दिसत नसेल तर पाऊल आणखी थोडं आत वळवा, पट्टी ताणली की चित्र उजळतं.

आता काय दिसतं त्याचे प्रकार. पट्टी जाड आणि काळपट, पण दोन्ही टोकांना चिकटलेली आणि ताणल्यावर सरळ होणारी असेल, तर ते जुनं भरून आलेलं लिगामेंट. त्याला ‘फाटलेलं’ म्हणू नका. पट्टी लाटेसारखी पडलेली आणि पाऊल आत वळवूनही सरळ होत नसेल, तर ती लांबलीय. पट्टीच नाही, जागी नुसता गोळामोळा किंवा पाणी, तर ती गेलीय. फिब्युलाच्या टोकापाशी सुटा हाडाचा तुकडा दिसला तर तो जुना ओढून निघालेला तुकडा असू शकतो किंवा जन्मतःचं जास्तीचं हाडही. इथे पुन्हा बरा पाय बघा, आणि तुकड्यावर दाबून विचारा.

मग खरी परीक्षा. प्रोब तसाच धरून दुसऱ्या हाताने टाच पुढे ओढा. मदतनीस असेल तर उत्तम, तो नडगी मागे धरून ठेवील. टॅलस फिब्युलापासून किती सरकतो, पट्टी ताणते का, की मधे फट उघडते, हे बघा. रुग्णाला पालथं झोपवून पाऊल टेबलाबाहेर सोडलं तर बरेचदा जास्त सोपं जातं, कारण स्नायू ढिले पडतात. घाबरलेला रुग्ण पाय आखडतो आणि सैल सांधाही घट्ट वाटतो, म्हणून तीन वेळा करा आणि तिसऱ्याला विश्वास ठेवा. किती मिलिमीटरला सैल म्हणायचं याचा सगळ्यांनी मानलेला एक आकडा नाही. दोन्ही पायांतला फरक आणि ओढ थांबते तेव्हा ती ठामपणे थांबते की रबरासारखी वाढतच जाते, हे मी लिहितो.

शेवटी दाबा. लिगामेंटवर प्रोबने हलका दाब देऊन विचारा, ‘रोजचं दुखणं हेच का?’ दुखलं म्हणणं आणि ‘हेच ते दुखणं’ म्हणणं यात मोठा फरक आहे.

त्याच्याखालचं लिगामेंट आणि पेरोनियल टेंडन: इथे वेळ काढा

दुसरं लिगामेंट, सीएफएल (कॅल्केनिओफिब्युलर), फिब्युलाच्या टोकापासून खाली आणि मागे टाचेच्या हाडाकडे जातं आणि पेरोनियल टेंडनांच्या खालून सरकतं. पाऊल सरळ असताना ते झोळीसारखं लोंबतं आणि वळणामुळे काळं दिसतं. नव्या माणसाला इथे नसलेली दुखापत सापडते. पाऊल वर ओढायला सांगा. लिगामेंट शाबूत असेल तर ते ताठ होतं आणि आपल्यावरच्या दोन्ही टेंडनना त्वचेच्या दिशेने उचलतं. हे उचलणं एकदा बऱ्या पायात बघून घ्या, मग विसरायचं नाही. उचललं जात नसेल आणि शिवाय पेरोनियल टेंडनांच्या आवरणात बरंच पाणी असेल, तर सीएफएल फाटल्याची शंका बळावते, कारण या लिगामेंटच्या फाटीतून सांध्यातलं पाणी आवरणात शिरू शकतं. घोट्याच्या टोकाखाली आवरणात जरासं पाणी निरोगी माणसातही असतं, तेवढ्यावर निदान करू नका.

आता टेंडन. माझ्या अनुभवात ‘न बऱ्या होणाऱ्या मुरगळी’मागे सर्वांत जास्त वेळा दुर्लक्षित राहतात ते हेच. प्रोब आडवा करून बाहेरच्या घोट्याच्या मागे ठेवा. हाडाला चिकटून पेरोनियस ब्रेव्हिस, त्याच्यावर पेरोनियस लाँगस. ब्रेव्हिस हाड आणि लाँगस यांच्यामधे चेपला जातो आणि उभा चिरतो. चिरलेला ब्रेव्हिस आडव्या छेदात चपटा, इंग्रजी सी किंवा व्ही अक्षरासारखा होऊन लाँगसला कवेत घेतो; कधी त्याचे स्पष्ट दोन तुकडे दिसतात आणि लाँगस मधे बसलेला असतो. घोट्याच्या टोकाशी टेंडन वळतात, तिथे पुन्हा कोनाचा घोळ. म्हणून वरून खालपर्यंत, पाचव्या मेटाटार्सलच्या बुंध्यापर्यंत ब्रेव्हिसचा पाठलाग करा, आणि प्रत्येक पातळीवर प्रोब डुलवा. कधी ब्रेव्हिसचा मांसल भाग नेहमीपेक्षा खाली उतरलेला असतो, कधी एक जास्तीचा स्नायूच असतो. दोन्हींमुळे खोबणीत गर्दी होते. लाँगस पुढे पावलाच्या बाहेरच्या बाजूच्या क्यूबॉइड हाडाखाली वळतो. तिथे दुखत असेल तर टेंडनमधलं छोटं हाडही बघा.

सटकण्याची तक्रार असेल तर हीच जागा हलवून बघा. रुग्णाने पाऊल वर आणि बाहेर वळवायचं, तुम्ही हाताने विरोध करायचा, मग पाऊल गोल फिरवायला लावायचं. टेंडन हाडाच्या कडेवर चढले तर त्यांना बांधणारी पट्टी सुटलीय. कधी पट्टी धड असते आणि दोन टेंडन खोबणीतल्या खोबणीत जागा बदलतात. टक् असा आवाज बाहेर ऐकू येतो, पण बाहेरून काही दिसत नाही. स्थिर चित्रात हे कधीच सापडणार नाही. आणि इथे प्रोब अलगद धरा. घट्ट दाबलात तर तुम्हीच टेंडनला खोबणीत डांबून ठेवता आणि ‘सगळं ठीक’ लिहून बसता. ही चूक मी केलेली आहे.

वरचा जोड

एटीएफएलच्या चित्रावरून सुरू करा. फिब्युलावरचं टोक तिथेच ठेवत प्रोब थोडा वर घ्या आणि पुढचं टोक वर फिरवा. टॅलस जाऊन त्याच्या जागी टिबियाची कड आली की तिरकी उतरणारी पट्टी दिसेल. हे पुढचं टिबिओफिब्युलर लिगामेंट. तुटलेलं, विस्कटलेलं आहे का बघा, मग पाऊल बाहेर वळवून दोन हाडांमधली फट वाढते का तेही. वाढली तर हा रुग्ण साध्या मुरगळीचा नाही. दोन्ही पायांवर भार देऊन एक्स-रे किंवा सीटी आणि शल्यचिकित्सकाचा सल्ला लागेल. या लिगामेंटचा सगळ्यात खालचा धागा काहींमध्ये टॅलसच्या कोपऱ्यावर घासतो, तेही पाऊल वर ओढताना दिसू शकतं.

सांध्यातलं पाणी आणि कोपऱ्यातला गोळा

प्रोब उभा धरून घोट्याच्या समोर ठेवा, पाऊल खाली ताणलेलं. टिबिया, त्यापुढे टॅलसचा घुमट, आणि वर चरबीचा पांढरट त्रिकोण. घुमटावरची काळी पातळ रेघ म्हणजे कूर्चा, पाणी नव्हे. ही चूक इतकी नेहमीची आहे की मी दरवेळी प्रोब थोडा दाबून बघतो. कूर्चा हलत नाही, पाणी सरकतं. थोडं पाणी निरोगी सांध्यातही सापडतं. चरबी वर उचलली गेली असेल तर ते जास्त.

मग बाहेरच्या कोपऱ्यात या. दाबून न सरकणारा, काळपट, मऊसर थर आणि त्यात डॉप्लरवर (मशीनच्या रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोयीवर) चमकणाऱ्या रक्तवाहिन्या म्हणजे सुजलेलं अस्तर. जिना उतरताना, उकिडवं बसताना पुढे-बाहेर चिमटा बसल्यासारखं दुखत असेल तर हेच कारण असू शकतं. डॉप्लर वापरताना टेंडन ढिले ठेवा, प्रोब जवळपास तरंगता ठेवा आणि वेगाची मर्यादा खाली आणा. ताणलेल्या रचनेत रक्तप्रवाह दबतो आणि डॉप्लर खोटंच शांत दिसतं.

एक आडवळण. कूर्चेच्या वरच्या पृष्ठभागावर पांढरी रेघ, म्हणजे हाडाच्या कडेला समांतर दुसरी कड दिसली तर युरिक ॲसिडचे खडे मनात आणा. ‘मुरगळला असेल’ म्हणून दोन-तीनदा परत आलेल्यात कधीकधी मुरगळ नव्हतीच असं निघतं.

नस

जळजळ, मुंग्या, पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा असेल तर वरवरची पेरोनियल नस शोधा. ती घोट्याच्या साधारण 10 ते 12 सेंटिमीटर वर पोटरीच्या आवरणातून बाहेर पडते, आणि पाऊल आत मुरगळताना ताणली जाते. चौथं बोट खाली वाकवून पाऊल आत वळवलं की बऱ्याच जणांत ती त्वचेखाली दोरीसारखी दिसतेही. आडव्या छेदात मधाच्या पोळ्यासारखे बारीक काळे ठिपके. ज्या भोकातून नस बाहेर येते तिथे ती जाड झालीय का, आवरणातून स्नायू बाहेर डोकावतोय का, आणि प्रोबने टिचकी मारल्यावर पावलापर्यंत करंट जातो का, एवढं बघा. बाहेरच्या घोट्यामागे सुरल नस एका छोट्या शिरेच्या सोबतीने जाते. शीर दाबून बंद होते, नस होत नाही, त्यावरून ओळखा.

आत, मागे, आणि पावलाची कड

बोट तिकडे पडलं असेल तरच इथे वेळ घालवा. आत डेल्टॉइडचे, म्हणजे आतल्या लिगामेंटचे, खोल धागे आणि टिबिअॅलिस पोस्टीरिअर टेंडन. मागे अकिलीस, आणि अंगठा हलवून त्याला वाकवणारं टेंडन. बाहेर पुढे, एटीएफएलच्या खाली-पुढे, टाचेच्या हाडाचं पुढचं टोक, जिथला बारीक तुकडा एक्स-रेत सहज निसटतो. हाडाच्या कडेला पायरी, तडा किंवा वर जाड काळपट थर दिसला आणि नेमकं तिथेच दुखलं तर फ्रॅक्चर गृहीत धरून पुढची तपासणी करा.

जे इथे दिसणार नाही

सोनोग्राफी हाडाच्या आत जात नाही. टॅलसच्या घुमटाचा पुढचा थोडासा भाग दिसतो, बाकीचा टिबियाखाली लपलेला. म्हणून खोल दुखणं, सांधा अडकणं, भार दिल्यावर आतून ठणका आणि पुन्हापुन्हा भरणारं पाणी, असं असेल तर स्कॅन स्वच्छ आला तरी एमआरआय करा. कूर्चा आणि तिच्याखालच्या हाडाची इजा तिथेच कळेल. सायनस टार्साय, म्हणजे टॅलस आणि टाचेच्या हाडामधला बोगदा, त्याचंही तसंच. रिपोर्टात ‘नॉर्मल’ लिहिण्यापेक्षा काय बघता आलं नाही ते लिहा.

रिपोर्ट

माझा रिपोर्ट रुग्णाच्या बोटाने सुरू होतो. उदाहरणार्थ: ‘उजवा घोटा, मुरगळून 14 आठवडे. रुग्णाने बाहेरच्या घोट्याच्या मागे एक बोट खाली जागा दाखवली. एटीएफएल जाड, सलग, ताणल्यावर सरळ. पुढे ओढल्यावर डाव्याइतकंच सरकणं. दाबल्यावर दुखलं नाही. पेरोनियस ब्रेव्हिसमध्ये घोट्याच्या टोकापाशी सुमारे 2 सेंटिमीटर उभी चीर, आवरणात पाणी, डॉप्लर चमक. दाबल्यावर नेमकं रोजचं दुखणं. टेंडन सटकत नाहीत. टॅलसच्या घुमटाचा मागचा भाग दिसला नाही.’ ज्याला हा रिपोर्ट मिळेल त्याला पुढे काय करायचं ते विचारायला फोन करावा लागत नाही.

शंका उरलीच तर प्रोबखाली पाहत सुईने थोडं भूल देणारं औषध संशयित जागी, टेंडनच्या आवरणात किंवा सांध्यात, सोडता येतं. अर्ध्या तासात रुग्णाला तोच जिना उतरायला लावा. दुखणं थांबलं तर जागा सापडली. स्टेरॉइडची घाई मात्र नको, विशेषतः चिरलेल्या टेंडनभोवती.

पुन्हा स्कॅन कधी? लक्षणं बदलली, नवीन इजा झाली, किंवा 3 महिने नियमाने तोल सांभाळायचा आणि पेरोनियल ताकदीचा व्यायाम करूनही पाय दगा देत राहिला, तर. लिगामेंट पातळ झालं का हे बघायला बोलावू नका. ते वर्षांनंतरही जाडच असू शकतं.